घटपर्णीच्या पोटातला चतुर

घटपर्णी माशा खाते. तिची पानं पेल्यासारखी असतात, आत थोडं पाणी. माशी वासाने येते, काठावरून घसरते आणि विषय संपतो. ही झाडं बियांपासून वाढवून ऑनलाइन विकणारा एक नर्सरीवाला होता. बी पेरल्यापासून झाड विकण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं लागत. तेवढ्यात माणसाचं पोर शाळेत जाऊन उलट उत्तरं द्यायला लागतं.

त्याच्या मेहुण्याला एवढा दम नव्हता. तोही घटपर्णीच विकायचा, पण त्याच्या झाडांना बालपण नसे. रविवारी तो गाडीच्या डिकीतून हातभर वाढलेली झाडं काढायचा, भाऊजींच्या काचघरात मांडून फोटो घ्यायचा आणि परत न्यायचा.

"इथला उजेड फार छान आहे, भाऊजी."

"झाडं कुठली रे?"

"आहे एक ओळखीचा."

मेहुण्याच्या ओळखी दांडग्या होत्या. नर्सरीवाल्याने पुढे विचारलं नाही. बायकोच्या भावाला एकच प्रश्न दोनदा विचारला, की त्याचं उत्तर घरी आपल्यालाच द्यावं लागतं.

मग एका सकाळी वनखात्याच्या तपासनीस बाई आल्या. त्यांच्या हातातल्या खोक्यात एक मोठी घटपर्णी होती आणि खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता नर्सरीचा होता.

"नर्सरीत वाढवलेली म्हणून विकलीय. ही रानातून उपटलीय, अशी गिऱ्हाइकाची तक्रार आहे. तसं निघालं तर तुमचा परवाना रद्द."

नर्सरीवाल्याने झाड ओळखलं. त्याच्या फोटोच्या वेळी पडदा बाजूला त्यानेच धरला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती नळीने कुंड्यांना पाणी घालत होती.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात. पोट बघू."

बाईंनी त्याच्या एका घटपर्णीचा पेला ब्लेडने उभा चिरला आणि आतला ऐवज पांढऱ्या बशीत काढला. दोन घरमाशा, एक डास आणि बिस्किटाचा चुरा.

"बिस्किट?" नर्सरीवाला म्हणाला.

"भुकेली दिसत होती," बायको म्हणाली.

खोक्यातल्या झाडाच्या पोटात पाणभुंगे निघाले, लाल मुंग्या निघाल्या आणि चतुराचा अख्खा पंख निघाला.

"चतुर दलदलीवर फिरतो, बिस्किटं खाणाऱ्यांत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे झाड तुमचं नाही. पण फोटो तुमच्या काचघरातला आहे. आणलं कोणी?"

नर्सरीवाला खोकला. परवाना वाचवायचा तर मेहुण्याचं नाव सांगायचं, आणि ते सांगायचं तर उरलेला जन्म मेहुण्याच्या बहिणीसमोर बसून जेवायचं. तो आणखी एकदा खोकला.

बायकोने नळ बंद केला.

"माझ्या भावाने. आत्ता गेलात तर सापडेल, दुपारपर्यंत उठत नाही."

"अगं..."

"अगं काय? बी उडेल म्हणून या घरात आम्ही मोठ्याने शिंकत नाही. आणि हा खुशाल तुमचा पत्ता टाकतो!"

दुपारी मेहुणा गुडघाभर चिखलात उभा होता. न विकली गेलेली झाडं बाईंनी डिकीतून उतरवून घेतली होती. कारवाई नंतर, आधी लागवड. दलदलीत झाडांपेक्षा त्याने उपटल्याचे खड्डे जास्त होते. आणलेली सगळी लावली तरी बरेच उरणार, हे काठावरूनही दिसत होतं.

"कुठली कुठं होती, आठवत नाही," मेहुणा म्हणाला.

"आठवेपर्यंत आम्ही आहोत," बाई म्हणाल्या.

त्याच्या खिशात मोबाइल वाजला. हात चिखलाचे, म्हणून सोबत आलेल्या बहिणीने काढून मेसेज वाचला. कोणीतरी मोठी घटपर्णी मागत होता. रानातली असली तरी चालेल म्हणत होता. तिने 'संपली' असं लिहून पाठवलं.

"खोटं कशाला लिहितेस, ताई? ही काय, हातात आहे माझ्या."

"हातातली खाली ठेव आधी. आणि सरळ लाव, मान वाकलीय तिची."