उर्सुलाच्या हातातली कवटी

लॉर्ड फुल्क डार्नबी यांनी जिवंतपणीच स्वतःची कबर बांधून घेतली, यात नवल काही नव्हतं. त्या काळी इंग्लंडातले सगळेच बडे लोक तसं करत. आपल्यामागे वारस हात आखडता घेणार याची प्रत्येकाला खात्री असे. डार्नबीच्या चर्चमध्ये लॉर्डसाहेब पांढऱ्या दगडात चिलखत घालून उताणे पहुडले होते. शेजारी त्यांची केव्हाच वारलेली बायको, आणि खाली ओळीनं गुडघे टेकलेली चार मुलं. जी मुलं आधीच देवाघरी गेली त्यांच्या हातात छोटी कवटी कोरायची आणि जी जिवंत त्यांचे हात नुसते जोडलेले दाखवायचे, अशी तिथली रीत. दोन मुलं तान्हेपणीच गेली होती, त्यांच्या हातात कवट्या होत्या. थोरला गर्व्हेस हात जोडून होता. शेवटी उर्सुला.

उर्सुलाच्या हातात कवटी होती.

कबरीवरचं कापड काढलं त्या रविवारी ती मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसली होती, पोटुशी आणि धडधाकट. कुजबुज बाकाबाकानं मागे आली, माना वळल्या. गर्व्हेस फिस्सकन हसला. बापानं लेकीच्या नावानं आंघोळ केली होती, तीही दगडात, साऱ्या परगण्यासमोर. तिचा गुन्हा एवढाच, की बापानं ठरवलेल्या अर्ल पदवीच्या दमेकरी म्हाताऱ्या सरदाराला नाकारून तिनं टोबायस हॉलिन या मेंढरंवाल्याशी लग्न केलं होतं.

"चल घरी," टोबायस म्हणाला. "दगडच आहे तो."

"तुझ्या हातात दिला असता म्हणजे कळलं असतं!" असं म्हणून ती तडक हवेलीवर गेली.

लॉर्डसाहेब जेवायला बसले होते. त्या घरात मुलं बापाला सरकार म्हणत आणि गुडघे टेकून आशीर्वाद घेत. उर्सुलानं गुडघे टेकले. लॉर्डसाहेब मांस कापत राहिले.

"सरकार, आशीर्वाद द्या."

"गर्व्हेस, खिडकी उघडी राहिली का रे? कुणी बोलल्यासारखं वाटलं."

"मी जिवंत आहे, सरकार. ती कवटी काढायला सांगा. दुसरं काही मागत नाही."

"त्या मेंढरंवाल्याला सोडून ये. उद्याच्या उद्या काढतो."

"माझं लग्न झालंय. पोटात मूल आहे."

"मग मेलीस तू." त्यांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आणि मेलेल्यांनी जेवणाच्या वेळी येऊ नये. वास येतो."

ती उठली. डोक्यावर हात काही आला नाही.

पुढे वर्षानुवर्षं ती दर रविवारी स्वतःची कवटी बघत बसली. बाजारात बायका म्हणत, "काय गं भुताबाई, अंडी ताजी आहेत ना?" ती हसून उलट उत्तर द्यायची, पण घरी येऊन रडायची. सवय होते म्हणतात, तिला झाली नाही. आपण जिवंत आहोत हे बापाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं तिला, बस.

मग एका शरद ऋतूत गर्व्हेस, पोटात दारू आणि मागे पोर ना बाळ, शिकारीत घोड्यावरून पडून मान मोडून मेला. त्याच्या हातात आता कवटी यायला हवी होती. शिल्पकाराला बोलावणं गेलं. त्यानं दगडावरून बोटं फिरवली आणि मान हलवली. "जोडलेले हात घट्ट कोरलेत, हुजूर, कवटीपुरता दगडच उरलेला नाही, आणि असला पांढरा दगड आता खाणीतही मिळत नाही. ताईसाहेबांच्या हातातली कापून काढली, तर खुंटी मारून इथं बसवता येईल."

लॉर्डसाहेबांनी घोडा मागवला.

अंगणात उर्सुला मेंढीच्या खुराला मलम लावत होती. लॉर्डसाहेब घोड्यावरून उतरले नाहीत.

"तुझी कवटी काढतोय," ते म्हणाले.

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला राग आला.

"गर्व्हेसला हवीय म्हणून?"

"म्हणूनच. हुरळून जाऊ नकोस. आणि तुझा तो थोरला, काय नाव त्याचं?"

"जॅस्पर."

"कुत्र्याचं नाव ठेवलंस पोराला. असो. सोमवारी त्याला हवेलीवर पाठव. डार्नबी नाव लावेल, माझ्यामागे सगळं त्याचं. तू फिरकायचं नाहीस, तुझ्या त्या मेंढरंवाल्यानंही नाही. बापाचं नाव पोराच्या तोंडून निघालं, तर चाबकानं सोलून काढीन."

कुंपणापाशी जॅस्पर बापाबरोबर एका आडमुठ्या मेंढ्याला ढकलत होता. दोघं चिखलानं बरबटले होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. उर्सुलानं हात एप्रनला सावकाश पुसले.

"कुणाच्या मुलाबद्दल बोलताय, सरकार?"

"माझ्या नातवाबद्दल!"

"तुमची मुलगी तर केव्हाच वारली. साऱ्या परगण्यानं पाहिलंय. मेलेल्या बाईला मूल कुठून होणार?"

लॉर्डसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "कवटी काढतो म्हणतोय ना, मूर्ख पोरी!"

"राहू द्या. आणि निघा आता. आमच्याकडे मेंढरांचा वास येतो."

खरं तर तिला न विचारताही त्यांना कवटी काढता आली असती. कोण अडवणार होतं? पण नातू न मिळता कवटी काढायची, म्हणजे साऱ्या परगण्यासमोर हार मानायची, आणि तेवढं पाणी त्या माणसात नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. जहागीर कुठल्याशा दूरच्या पुतण्याकडे गेली, आणि त्यानं आल्या आल्या ओकची झाडं तोडून विकली. मेंढरांवर रोग आला, की उर्सुला जॅस्परच्या फाटक्या बुटांकडे बघत बसायची. आपण चुकलो का, असं ती टोबायसला विचारायचीही.

डार्नबीच्या चर्चमध्ये गर्व्हेस अजून जिवंत आहे, हात जोडून. उर्सुला मेलेली आहे. आणि मागच्या बाकापाशी, जित्याजागत्या उर्सुलाच्या शेजारी, जॅस्पर दर रविवारी बापाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा, आणि अगदी बापासारखंच बेसूर गायचा.