राणीची सोबतीण

दातांच्या लॅबमध्ये तिच्याइतका बारीक हात कुणाचा नव्हता. समोरच्या दातांची कॅप बनवायची असली की मालक ती तिच्याच टेबलावर ठेवत. शेजारच्या खऱ्या दातावरची पिवळसर झाक, कडेची चीर, सगळं ती ब्रशच्या टोकाने उतरवायची. वय सेहेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं. आईला अर्धांगवायू झाला तेव्हापासून साडेतीन वर्षं ती सकाळी आईचं आवरून लॅबमध्ये यायची, दुपारी तासभर घरी जाऊन यायची आणि संध्याकाळी पुन्हा आईचं आवरायची.

आई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नातेवाईक म्हणाले, खंबीर आहे. तिने मान हलवली. पुढे आठ महिने झाले तरी काहीच आलं नाही, रडू नाही, राग नाही, मोकळं वाटणंही नाही. दुपारच्या सुट्टीत आता घरी जायचं काही कारण नव्हतं, तरी बारा वाजले की ती उठून उभी राहायची आणि परत बसायची.

हे डेंटिस्टबाईंनी पाहिलं. कॅप न्यायला त्या स्वतः लॅबमध्ये येत.

"माझी धाकटी बहीण मानसशास्त्रात संशोधन करते," त्या म्हणाल्या. "तिला माणसं हवी आहेत. दर शनिवारी दुपारी तीन तास. बारा आठवडे."

"काय करायचं असतं?"

"खेळायचं. आपण कुणीतरी दुसरेच आहोत असं समजून."

"नाटकात काम मला जमणार नाही."

"नाटक नाही गं. टेबलाभोवती बसून बोलायचं. फासे टाकायचे. जाऊन तर बघ."

नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. ती गेली.

संशोधिका तिशीची होती, बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत राहायची. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. चोवीस माणसांचे दोन गट पाडले होते. एक गट नुसते पत्ते खेळणार, दुसरा भूमिका घेऊन खेळणार. खेळाआधी आणि खेळानंतर प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा: एकटं वाटतं का, झोप लागते का, दुसऱ्याचं दुःख जाणवतं का. भूमिका घेऊन खेळल्याने माणसाच्या मनाला काही फायदा होतो का, की नुसती तीन तास सोबत मिळाली एवढंच, हे तिला तपासायचं होतं.

तिच्या टेबलावर चार जण होते. एक प्लंबर, एक कॉलेजात शिकणारी मुलगी, एक निवृत्त कॅशियर आणि ती. कथा पुढे नेणारा, म्हणजे सूत्रधार, एका शाळेचा ग्रंथपाल होता. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मुलीला सेनापती मिळाली, कॅशियरना चोर. प्लंबरने आपली चिठ्ठी उघडली आणि खो खो हसला. त्याला म्हातारी राणी आली होती.

"वा! घरी सांगतो, आता मला अहो-जाहो करा."

तिच्या चिठ्ठीत होतं: राणीची सोबतीण.

सोबतिणीचं काम तिला अवघड गेलं नाही. राणीला औषध द्यायचं, राणीची शाल उचलायची, राणीसाहेब तुम्ही थकलात, जरा बसा, असं म्हणायचं. चोर कुलपं उघडत होता, सेनापती किल्ले घेत होती. ती राणीच्या मागे चालत होती. फॉर्मवर ती प्रत्येक प्रश्नापुढे मधल्याच चौकोनात खूण करायची.

सातव्या शनिवारी राणीवर विषप्रयोग झाला. सेनापती आणि चोर औषधी मुळी आणायला डोंगरावर गेले, आणि फाशांनी दगा दिला. मुळी उशिरा पोचली. ग्रंथपालांनी नियम सांगितला: "राणी आता वाचणार नाही. सोबतिणीने दर फेरीला फासा टाकायचा. सहा पडला की राणी सुटली."

तिने फासा टाकला. चार.

"तुम्ही काय करता?" ग्रंथपालांनी विचारलं.

"कपाळावर ओलं फडकं ठेवते."

दोन. कूस बदलते. तीन. उशी सरळ करते. एक. पाणी पाजते. चार. पुन्हा फडकं. सुरुवातीला बाकीचे पुढे वाकून बघत होते. पंधराव्या फेरीला कॅशियरनी घड्याळाकडे पाहिलं. विसाव्या फेरीला मुलगी म्हणाली, "असं कसं, सहा पडतच नाही?" फासा हातात घेऊन त्या मुलीने उलटसुलट पाहिला. सहा होता.

"राणीसाहेब, तुम्हाला काही हवंय का?" सोबतिणीने विचारलं. तीन पडले.

प्लंबरने डोळे मिटून मान हलवली.

पाच पडले. ती फाशाकडे बघत राहिली. मग त्याच आवाजात, जसं रोज बोलायची तसं, म्हणाली, "मर ना गं आता. किती वेळ लावतेस. मी थकले."

राणीशी असं कुणी बोलत नाही, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. बाजूला बसून बघणाऱ्या संशोधिकेच्या हातातलं टोपण पडलं.

प्लंबरने डोळे उघडले नाहीत. "मला काय हौस आहे का गं?" तो राणीच्या किरट्या आवाजात म्हणाला. "पडतच नाहीये तो सहा, तर मी काय करू?"

संशोधिकेने खेळ थांबवला. तसा नियमच होता. तिला शेजारच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, पुढे खेळायचं नसेल तर चालेल म्हणाली.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. "एक सांगू का? आई गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होते. कप घेऊन खोलीत आले तर ती गेलेली. मी परत स्वयंपाकघरात गेले, खुर्चीवर बसले, सगळा चहा प्यायले. कप धुतला. मग भावाला फोन केला."

संशोधिका काही लिहीत नव्हती.

"त्याला मी सांगितलं, आत्ताच गेली. आत्ताच नव्हती गेली."

पुढच्या शनिवारी ग्रंथपाल म्हणाले, "मधल्या आठवड्यात राणी शांतपणे गेली असं आपण धरून चालू."

"असं कसं धरून चालू?" प्लंबर म्हणाला. "मी इथे बसलोय धडधाकट. टाका फासा."

संशोधिकेने तिच्याकडे पाहिलं. तिने फासा उचलला. दोन. पाच. मग सहा पडला. मुलीने सवयीने टाळी वाजवली आणि पटकन हात खाली घेतले. प्लंबरने टेबलावर डोकं टेकलं. त्याच्या केसांत प्लास्टरची भुकटी होती. ती उठली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सोबतीण आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते." आणि बाकीच्या आठवड्यांत तिला दुसरी भूमिका मिळाली, घोड्यांच्या व्यापाऱ्याची. ती तिने बरी केली.

शेवटी संशोधिकेने प्रत्येकाला बोलावून निकाल सांगितला. भूमिका घेणाऱ्या गटाचं एकटेपण पत्तेवाल्यांपेक्षा थोडंसं जास्त कमी झालं होतं, पण एवढ्या कमी माणसांवरून ठाम बोलता येत नव्हतं.

"आणि माझं?"

"तुमची बारा आठवडे जवळजवळ सरळ रेघ आहे."

"म्हणजे माझा काही उपयोग झाला नाही तुम्हाला."

"झाला ना. सरळ रेघही मोजावीच लागते," संशोधिका म्हणाली. "सातव्या आठवड्यात जे झालं, त्यासाठी माझ्या फॉर्मवर प्रश्नच नव्हता. ती माझी चूक."

मंगळवारी दुपारी बारा वाजता तिने लॅबमधून भावाला फोन केला. तो दुसऱ्या गावी गोदामावर मुकादम होता. रविवारशिवाय ते बोलत नसत.

"काय झालं ताई?" तो घाबरून म्हणाला.

"काही झालं नाही. सांगायचं होतं." आणि तिने चहाचं सांगितलं, सगळं, कप धुतला तिथपर्यंत.

पलीकडे कुणीतरी खोकी ढकलत होतं.

"तुझा फोन आला की मला आधी वाटायचं, गेली का?" भाऊ म्हणाला. "आणि तू म्हणायचीस, आई बरी आहे. मला राग यायचा. तुझाच यायचा. म्हणून तर मी यायचं टाळायचो."

"हं."

"रविवारी येऊ?"

"ये."

तो आला. जेवला. आईच्या खोलीत जाऊन आईच्या पलंगावर बूट घालूनच आडवा झाला आणि झोपी गेला. आई गेल्यापासून त्या पलंगावर कुणी बसलंसुद्धा नव्हतं. ती दारात उभी राहून बघत होती. काही वाटेल म्हणून थोडा वेळ थांबली. मग आत जाऊन त्याचे बूट काढले.

चार वाजता तो डोळे चोळत उठला. "इथे ऊन थेट तोंडावर येतं गं. आई कशी झोपायची?"

"तिला मान वळवता यायची नाही," ती म्हणाली. "मी पडदा लावायची. कधी कधी विसरायची."

त्याने पलंगाची एक बाजू धरली, तिने दुसरी, आणि दोघं तो आतल्या भिंतीकडे सरकवू लागले. पलंग जड होता. मध्ये एकदा थांबून दम घ्यावा लागला.