दादाची हाडं
दादा युद्धात बेपत्ता झाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तीन वर्षांनी मी त्याच्या बायकोशी लग्न केलं. तेव्हापासून, म्हणजे गेली सेहेचाळीस वर्षं, मी त्याच्यावर जळतोय. मला टक्कल पडलं, गुडघे गेले. तो पठ्ठ्या मात्र कपाटावरच्या फोटोत तसाच तरणाबांड. ही रोज त्या फोटोवरची धूळ पुसते. माझा चष्मा माझा मीच पुसतो.

मग जुन्या रणभूमीवर खोदकाम करणाऱ्या मंडळींचं पत्र आलं. खंदकात एक सांगाडा सापडला होता, दादाचा असू शकेल. खात्री करायला त्याच्याच आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाची लाळ हवी होती. असा मी एकटाच उरलोय. सोबत कापूस गुंडाळलेल्या दोन काड्या होत्या. गालाच्या आतून फिरवायच्या आणि परत पाठवायच्या.

मी न्हाणीघरात जाऊन त्या नुसत्या नळाखाली धरल्या, वाळवल्या आणि पाकीट चिकटवून टाकलं. मेलेल्या भावाशी असा डाव खेळताना लाज नाही वाटली. उलट बरं वाटलं.

महिन्याने प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः घरी आल्या. नमुन्यात माणसाचा मागमूसही नाही, असं त्यांनी जपून सांगितलं आणि नव्या काड्या पुढे केल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. माझं बिंग फुटलं होतं.

"तो सापडला नाही, तर मी त्याची वाटच बघत राहणार," ही म्हणाली. "तुम्हाला तेच हवंय का?"

मी निमूटपणे तोंड उघडलं.

दादाच निघाला. बाईंनी लांब टेबलावर हाडं जागच्या जागी मांडून ठेवली होती. मांडीच्या हाडावरून उंची काढली होती, ती माझ्यापेक्षा चार बोटं कमी भरली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मग अक्कलदाढा दिसल्या, जेमतेम फुटलेल्या. आमच्या नातवाएवढं पोर होतं ते.

ताबा घेण्याच्या कागदावर सही हिने केली. 'मृताशी नातं' या रकान्यात क्षणभरही न थांबता हिने 'भावजय' लिहिलं. सेहेचाळीस वर्षं मला हेच तर हवं होतं.

मी पेन मागून घेतलं. पोटातली जळजळ थांबली नव्हती, अजूनही थांबलेली नाही. तरी मी तो शब्द खोडला आणि त्याच्यावर 'पत्नी' लिहिलं.