प्लगमधली फट

तिसऱ्या दिवशीही गाडीने चढावर तीच उचकी दिली, तेव्हा तिने स्टिअरिंगवर असा काही हात आपटला की हॉर्न वाजला आणि पुढचा सायकलवाला दचकून थेट गटाराच्या कडेला गेला. त्याने वळून रागाने पाहिलं. तिने त्याच्या दुप्पट रागाने पाहिलं. त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता, पण त्या आठवड्यात जो समोर येईल त्याची खैर नव्हती.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. पंचवीस वर्षं जुनी, पण डॉक्टरांचा जीव की प्राण. तिच्यात टर्बो बसवायचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरायची आणि ताकद दीडपट करायची, हे काम तिने अंगावर घेतलं होतं. दोन महिने ती त्या इंजिनात कोपरापर्यंत बुडालेली होती. रविवारी डोंगरावरची शर्यत आणि आज शुक्रवार. गाडी रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची, सिग्नलला मुकाट उभी राहायची, आणि चढावर पूर्ण दाबली की मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर तिला उचकी लागायची. फट्, फट्, आणि सगळा जोर गायब.

"प्लग बघ," बाबा म्हणाले होते. बुधवारी म्हणाले, गुरुवारी म्हणाले, आज सकाळी दात घासताना गॅलरीतूनही म्हणाले. "एवढा थंड प्लग घातल्यावर दुसरं काय होणार? इंजिन आहे की आईस्क्रीमचं मशीन?"

आणि बाबा प्लग म्हणाले, म्हणूनच ती प्लगला हात लावत नव्हती. हट्ट म्हणा, पण त्या हट्टामागे बाबांच्या हाताखालची बावीस वर्षं होती. गॅरेज बाबांचं, पाटी बाबांची, सगळी पंचक्रोशी त्यांना मास्तर म्हणायची. ती इंजिनाखालून काळी होऊन बाहेर आली तरी गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून आत पाहत विचारायचं, "मास्तर आहेत का?" हे टर्बोचं काम पहिलंच असं होतं, जे मास्तरांना येत नव्हतं आणि तिला येत होतं.

प्लग निवडायला तिने आठ दिवस घातले होते. दुकानात सगळे प्लग सारखेच दिसतात, पण एक असतो गरम, दुसरा थंड. गरम प्लग आतली उष्णता धरून ठेवतो, थंड प्लग ती झटकन सोडून देतो. साध्या गाडीला गरमच बरा, आपली काजळी आपणच जाळतो. पण टर्बो लावला की आतली आग वाढते, गरम प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला वरून भोक पडतं. तिने तीन जातींचे प्लग घालून पाहिले. दर वेळी गाडी पळवायची, प्लग काढायचे, भिंगाखाली टोकांचा रंग पाहायचा. शेवटी कंपनीने सांगितलेल्यापेक्षा दोन पायऱ्या थंड प्लग ठरवला. सोमवारी त्या प्लगांमधली फट तिने स्वतः मोजून कमी केली. टर्बो आत हवा एवढी दाबतो की रुंद फट ओलांडताना ठिणगीचा दम तुटतो. चारही प्लग लाकडी ठोकळ्यात ओळीने उभे करून ती लेथवाल्याकडे गेली, आणि आल्यावर एकेक करून बसवून टाकले. आपण स्वतः केलेलं काम पुन्हा कोण तपासतं?

म्हणून मग तीन दिवस तिने बाकीचं सगळं उपसलं. पेट्रोलचा पंप काढला, घातला. हवेचे पाइप साबणाच्या पाण्याने तपासले. ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या दुकानदाराला तर फोनवर इतकं फैलावर घेतलं, की तो शेवटी म्हणाला, "ताई, मी तुम्हाला कॉइल विकली, काय वैर होतं का आपलं?"

आज चढावरून परत आली तेव्हा दारात डॉक्टर उभे होते आणि त्यांच्या शेजारी बाबा. बाबांच्या हातात प्लगचा पाना होता. गाडी थांबते न थांबते तोच त्यांनी बॉनेट उघडलं, फडक्याने हात सांभाळत पहिला प्लग सोडवला आणि डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. प्लगचं टोक काळंकुट्ट होतं.

"ही बघा काजळी," बाबा म्हणाले. "थंड प्लगचा प्रताप. पोरीला म्हटलं, जुना प्लग घाल. पण आमचं ऐकतं कोण!"

डॉक्टरांनी दाढ किडलेली दिसल्यावर करतात तसा चेहरा केला. "ताई, मग काकांच्या मताने करून टाकू या ना. जुनेच घाला. रविवार तोंडावर आलाय."

"जुने घातले तर रविवारी अर्ध्या डोंगरावर पिस्टन फुटेल," ती म्हणाली. "मग टोचन लावून आणा खाली."

"चाळीस वर्षांत माझ्या हातून एक पिस्टन फुटला नाही," बाबा डॉक्टरांना म्हणाले. तिला नाही, डॉक्टरांना.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाबांच्या हातातून प्लग जवळजवळ ओढूनच घेतला. काजळी होती, खोटं कशाला बोला. पण काजळीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. ती दोन पावलं उजेडात गेली. मोजायच्या पट्ट्यांचा जुडगा काढला आणि सोमवारी ठेवलेल्या मापाची, साठ शतांश मिलिमीटरची पट्टी फटीत घातली. पट्टी आत खुळखुळली. मग जाड, मग आणखी जाड. शेवटी एक मिलिमीटरची पट्टी चपखल बसली.

तिने उरलेले तिन्ही प्लग काढले. एक, एक, एक. चारही प्लगांची फट केसाचाही फरक नसलेली, आणि प्रत्येकाच्या वाकड्या टोकावर पकडीचा एकच बारीक ओरखडा. इतकं एकसारखं काम या गॅरेजमध्ये पट्टीशिवाय करणारा एकच माणूस होता. बाबांच्या खिशात गॅरेज उघडल्या दिवसापासून एक चार पदरी दुमडलेला पत्र्याचा तुकडा असायचा. तोच त्यांचा मापदंड. नवा प्लग त्या तुकड्यावरून गेल्याशिवाय इंजिनात जायचा नाही, हा इथला नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

"सोमवारी मी लेथवाल्याकडे गेले होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही या प्लगांना हात लावलात?"

बाबांनी फडकं झटकलं. "फट बारीक होती. तू विसरलीस असं वाटलं. नीट करून ठेवली."

"मी मोजून बारीक केली होती. टर्बोसाठी."

"मला काय माहीत?"

"विचारायचं होतं!"

"तुला?" बाबा म्हणाले. "माझ्या गॅरेजात?"

डॉक्टर एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. त्यावर गेल्या वर्षीचा महिना होता.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस मी या गाडीची आतडी बाहेर काढतेय. कॉइलवाल्याला वाट्टेल ते बोलले. तुमच्या एकदाही डोक्यात आलं नाही, की आपण काय करून ठेवलंय?"

बाबांनी हातातला पाना फडक्यात गुंडाळला.

"आलं होतं?"

"बुधवारी शंका आली," बाबा हळू म्हणाले. "म्हणून तर म्हणत होतो, प्लग बघ."

"थंड प्लग म्हणत होतात! माझी निवड चुकली म्हणत होतात! आत्ता या माणसासमोर म्हणालात!"

वर आईने खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. या घरात खिडकी लावून घेणं हे आईचं मत असायचं.

"आवाज खाली," बाबा म्हणाले.

"नाही. बावीस वर्षं खालीच होता." तिने फडक्याने प्लग पुसायला घेतले. "चुकला असतात तर मी काही बोलले नसते. माणूस चुकतो. पण स्वतःची चूक कळल्यावर ती माझ्या नावावर ढकललीत, बाबा. गॅरेजमधल्या कुणा परक्याने हे केलं असतं, तर तुम्हीच त्याला पायरीखाली उतरवला असता."

बाबा जिन्याकडे गेले आणि कठड्याला धरून वर चढले.

तिने चारही प्लग घासून साफ केले, फट साठवर आणली, एकेकाला दोनदा मोजलं आणि बसवले. डॉक्टरांना शेजारी बसवून चढावर गाडी पूर्ण दाबली. साडेचार हजार, पाच, साडेपाच. गाडी एका दमात वर गेली. डॉक्टरांनी सीट दोन्ही हातांनी धरली होती आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

"कमाल!" उतरता उतरता ते म्हणाले. "म्हणजे शेवटी काकांचं म्हणणंच खरं. प्लगचंच होतं."

सगळं भांडण स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस हे म्हणाला. तिने त्यांच्या हातात किल्ली ठेवली. "डॉक्टर, गाडी मी बांधली. बिघडवली काकांनी, दुरुस्त मी केली. शर्यतीत कुणी विचारलं, तर एवढं पाठ करून सांगा." डॉक्टर हो हो म्हणत गेले. दुपारी तिने कॉइलवाल्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या ताई, मास्तरांचा स्वभाव तुमच्यात आलाय." हेही तिला झोंबलं.

पुढच्या सोमवारी दुसरं इंजिन टेबलावर होतं. ती वॉल्व्ह घासत होती. बाबा खाली आले. नव्या प्लगांचं खोकं तिच्या हाताशी होतं, त्यांनी ते उचललं, उघडलं आणि चार प्लग ओळीने मांडले. मग तिथेच उभे राहिले.

"फट किती ठेवायची यांची?" त्यांनी विचारलं.

गिऱ्हाइकाने कामाचा दर विचारावा, तसा सरळ, अदबीचा आवाज. या माणसाने तिला इंजिनातलं काही विचारलं, असं आजवर घडलं नव्हतं. हाच प्रश्न कानांवर पडावा म्हणून ती वर्षानुवर्षं झुरली होती. मान वर करून आकडा सांगायचा, एवढंच काम होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मी बघेन."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी चारही प्लग पुन्हा खोक्यात ठेवले, झाकण लावलं आणि ते बाहेर पाटीखालच्या बाकावर जाऊन बसले. ती वॉल्व्ह घासत राहिली. तो केव्हाच साफ झाला होता.