मी आडवा आहे, पडलेलो नाही

मी एका राजाचा चौरंग बोलतोय. ब्रिस्टलच्या एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत असतो. पाटीवर लिहिलंय, 'भेट मिळालेलं स्टूल'. मला कुणीतरी भेट दिलं, हे मलाही त्या पाटीवरूनच कळलं.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका अखंड ओंडक्यातून मला कोरलं. आमच्याकडे रीत अशी, की राजा उठला की चौरंग कुशीवर आडवा करायचा. म्हणजे त्याच्या जागी दुसरं कुणी बसत नाही.

माझा राजा मोठा बेरकी. फ्रेंच आले की त्यांचा झेंडा लावायचा, जर्मन आले की त्यांचा. दोघंही खुशीत परत जायचे. इंग्रज मात्र मैत्रीचा तह करायला आले, ते तोफा घेऊनच. कॅप्टननं राजाला जहाजावर चहाला बोलावलं. तो चहा अजून संपला नसावा, कारण राजा परत आलाच नाही.

मग कॅप्टन राजवाड्यात शिरला. "अरेरे, पडलं वाटतं!" म्हणत त्यानं मला उभं केलं आणि वर ऐसपैस बसला. तेव्हापासून मी उभाच. याला इथे जतन म्हणतात.

गेल्या महिन्यात राजाचा पणतू, म्हणजे आजचा राजा, मला न्यायला आला. संचालक हसून म्हणाले, "न्या की! तीन वर्षांसाठी, उसना. फक्त कुणी बसायचं नाही."

राजानं शांतपणे कोटाची बटणं लावली. "माझ्याच आसनावर मी उसना बसणार नाही. कायमचा द्याल तेव्हा येईन. तोवर त्याला आडवा तरी ठेवा."

"नियम नाही तसा," संचालक म्हणाले. कॅप्टन बसला तेव्हा हे नियम कुठे होते, कोण जाणे. मला फार अपमानास्पद वाटलं.

माझी देखभाल करणारी चैत्राली हे ऐकत होती. ब्रिस्टलमध्येच जन्मलेली मुलगी. राजा गेल्यावर तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, त्यांचीच थिंग आणि त्यांनाच लोनवर! सो एम्बॅरसिंग. मी तो स्टूल आडवा करणार आहे."

"अगं, आधी जॉब सांभाळ!"

"तुम्ही काळजी नका करू. विचारलं तर सांगेन, मीच केलं."

तिनं हातमोजे घातले, पेटी उघडली आणि मला अलगद कुशीवर निजवलं. इतक्या वर्षांनी अंग टेकलं. रडू येत होतं, पण लाकडाला ओल आली की संचालक घाबरतात.

ब्रिस्टलला आलात तर मला जरूर भेटा. पडलोय समजून कुणाला हाक मारू नका. माझा राजा चहाला गेलाय, त्याची जागा धरून ठेवलीय.