केझायाबाईंची कात्री

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. म्हणजे जेवढा उरलोय तेवढा. कपाटाचं दार करकरलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मला शिवलं केझाया मेह्यू या विधवा बाईंनी. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात त्या जहाजांचे झेंडे शिवायच्या. इंग्रजांची लढाऊ जहाजं येताहेत अशी आवई उठली आणि किल्ल्याच्या कप्तानाने त्यांना सांगितलं, झेंडा दुर्बिणीशिवाय दिसला पाहिजे. घरात मी मावेना. मग शिडं शिवणाऱ्यांच्या माळ्यावर मला पसरून बाई आणि त्यांची लेक मेहिटेबल सहा आठवडे रांगत टाके घालत होत्या. तेव्हाच्या अमेरिकी झेंड्याचे पंधरा पट्टे, पंधरा तारे. तारे कापताना बाईंची कात्री अशी झरझर चालायची! तेव्हा ती मला आवडायची.

जहाजं आली, दिवसभर तोफा धडाडल्या. मला तीन भोकं पडली, पण मी खाली उतरलो नाही. जहाजं परत गेली. किल्ल्यावर नवा झेंडा चढला आणि मी बाईंच्या कपाटात आलो. वाटलं, सुटलो बुवा.

चौथ्याच दिवशी डॉर्कास आली. तिचा नवरा तोफेजवळ मारला गेला होता. शवपेटीत त्याच्या छातीवर ठेवायला तिने माझा तुकडा मागितला. बाईंनी चार बोटं कापड कापून दिलं.

"एकदाच हं," त्या म्हणाल्या.

पण एकीला दिलं, मग दुसरीला नाही कसं म्हणणार? पुढे रीतच पडली. किल्ल्यावर लढलेला कुणी गेला की माझा तुकडा जायचा. मग न लढलेल्यांनाही हवासा वाटू लागला. चर्चची घंटा संथपणे वाजू लागली की मी आकसून जायचो. आज कुणाचा नंबर, आणि माझं किती जाणार? मेहिटेबल दर वेळी कड दुमडून शिवायची, म्हणजे कमी झालेलं दिसू नये.

"आई, अगं रुमाल उरेल याचा," ती एकदा चिडून म्हणाली. बाईंनी बोटांनी पुढचा तुकडा मोजला.

ऐंशीव्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. मेहिटेबलने मला त्यांच्या पलंगावर पसरलं आणि रडत तीच कात्री उचलली. आईसाठी तिने सगळ्यात मोठा तारा निवडला होता. बाईंचा हात माझ्यावरून फिरला. कडांना सगळे लेकीचेच टाके; स्वतःचे त्यांना सापडेनात.

"याला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "माझ्या पेटीत कात्री ठेव."

बाई गेल्या. घंटा वाजली, आणि पहिल्यांदाच मला कुणी कापलं नाही. कात्री त्यांच्याबरोबर मातीत गेली. मला फार रडू आलं.

पण मित्रांनो, गावात कात्री काय एकच होती? उद्या मला सभागृहात टांगणार आहेत. त्याआधी शेवटचं भेटायला म्हणून गाव जिना चढतंय. बायकांच्या एप्रनच्या खिशांत काहीतरी खुळखुळतंय. सगळ्यांचं माझ्यावर फार प्रेम आहे, हे मला ठाऊक आहे. तुमचंही असेल. ते तेवढं दुरून करा.