गुडघे आणि टाचा

मनिलात बास्केटबॉलला परदेशी खेळाडू उंच हवा, पण फार नको. संघाला एकच परदेशी मिळतो आणि तो सहा फूट पाच इंचांच्या केसभरही वर चालत नाही. लमॉन्ट ग्रेवली नेमका तेवढाच वर होता. म्हणून दर हंगामाआधी तो डोक्याचा तुळतुळीत गोटा करायचा, सकाळभर तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचा, आणि मोजपट्टीखाली गुडघे इतके बेमालूम वाकवायचा की भल्याभल्यांना पत्ता लागू नये. तुर्कस्तान, लेबनॉन, कोरिया, सगळीकडून नारळ मिळालेला हा गडी लिगाया सार्डिन संघात टिकला तो या कलेवर.

यंदा त्याने चाळिशी गाठली. बायको लुनिंगनिंगची मांडालुयोंगला खानावळ होती, त्याचं सगळं जग तिथेच होतं. संघाने हाकललं, तर अमेरिकेत, आर्कान्सात भावाच्या गॅरेजात टायर बदलत बसावं लागणार होतं.

कोच कालावने तर तोंडावर सांगितलं होतं, "लमॉन्ट, टेक्सासचा एक तरणा पोरगा तयार बसलाय. बरोब्बर सहा-पाच. तू इंचभर जरी कमी भरलास ना, तिथल्या तिथे त्याला फोन लावतो."

"कमी? मी?" लमॉन्ट पोट धरून हसला होता.

मोजणीला सगळे संघ हजर होते. लमॉन्ट भिंतीला टेकला. गुडघे वाकवायच्या आधीच लाकडी पट्टी घसरत टकलावर टेकली.

"सहा-चार," मोजणारा म्हणाला.

लमॉन्टचा चेहरा पडला. कालावने खिशातून फोन काढला.

तेवढ्यात समोरच्या संघाचा मॅनेजर, बोनोआन वकील, ताडकन उठला. "गुडघे बघा त्याचे! दरवर्षी डोळ्यांत धूळ फेकतो हा भामटा! पुन्हा मोजा!"

म्हातारा ठरण्यापेक्षा चोर ठरलेलं बरं, हे लमॉन्टला क्षणात उमगलं. त्याने मान खाली घातली. "पकडलंत, वकीलसाहेब. वाकवले होते."

बोनोआन स्वतः खाली बसला आणि लमॉन्टचे दोन्ही गुडघे त्याने भिंतीकडे दाबून धरले. सगळ्यांच्या नजरा त्या गुडघ्यांवर. मागे ढगळ विजारीआड टाचा हळूच वर गेल्या, तिकडे कोण बघतंय!

"सहा-पाच. बरोब्बर."

"बघा! म्हटलं नव्हतं?" बोनोआन आनंदाने ओरडला. मग सहा-पाच चालतं, हे आठवून तो तसाच बसून राहिला.

"चोर लेकाचा!" कालावने लमॉन्टला मिठी मारली. "अख्खा इंच लपवलास होय रे!" फोन परत खिशात गेला.

त्या दिवशी खानावळीत "चोर आला, चोर आला!" म्हणून गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या. प्रेक्षकांत बसून सगळं पाहिलेली लुनिंगनिंग सर्वांत जास्त हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लमॉन्ट भाताचं मोठं पातेलं काढायला गेला. ते नेहमी सर्वांत वरच्या फळीवर असायचं, कारण तिथवर हात फक्त त्याचाच पोचायचा. आज ते एक फळी खाली होतं. लुनिंगनिंग खाली मान घालून कांदा चिरत होती.

ते त्याच्या मनाला फार लागलं. त्याने पातेलं उचललं आणि पुन्हा वरच्या फळीवर ठेवलं. अंगात अर्धी चड्डी होती, त्यामुळे टाचा लपवायची सोयच नव्हती.

तिने बघितलं. "पडशील, म्हाताऱ्या," ती म्हणाली आणि डोळे पुसत पुढचा कांदा घेतला.